‘स्टार्ट’ या एका शब्दाविषयीं



गेल्या वर्षीं वार्षिक निकालाच्या दिवशीं एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. कर्वेनगरांत त्यांचें दुचाकी गाड्या दुरुस्त करण्याचें लहानसें गॅरेज आहे. त्यांचा मुलगा नववींत नापास झाला होता. प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवून, मान खालीं घालून ते म्हणाले, “सर, याची स्टार्टच चुकली. आम्ही दोघें फार शिकलेलीं नाहीं. घरीं सांगणारें कोणी नाहीं. पांचवीपासूनच तो मागें पडला. आतां याला माझ्या हाताखालीं घेतों.” मुलगा दाराशीं उभा होता. त्यानें हें सारें ऐकलें.

त्या वेळीं आम्हीं त्यांस धीराचे चार शब्द सांगितले, परंतु समाधान होईल असें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. घरीं गेल्यावरही ‘स्टार्ट’ हा शब्द मनांत घोळत राहिला. शिक्षकास अशा वेळीं दुसरें काय सुचणार? आम्हीं कोश उघडला. जो शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों, त्याच्या पोटांत इतके अर्थ दडलेले असतील असें आम्हांस पूर्वीं वाटलें नव्हतें. तेच आज तुमच्यापुढें मांडावयाचे आहेत.

पहिला अर्थ ऐकून तुम्हांस हसूं येईल. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आठवीच्या वर्गांत ‘ही स्टार्टेड इन हिज स्लीप’ हें वाक्य भाषांतरास दिलें होतें. एका विद्यार्थ्यानें लिहिलें, ‘तो झोपेंत सुरू झाला.’ वर्ग हसला, पण बरोबर उत्तर वर्गांतील एकासही आलें नाहीं. येथें ‘स्टार्ट’चा अर्थ ‘दचकणें’ असा आहे. हाच या शब्दाचा जुना अर्थ होय. जुन्या इंग्रजींत या धातूचा अर्थ उडी मारणें, एकाएकीं झेप घेणें असा होता. ‘स्टार्टल’ म्हणजे दचकविणें हा शब्द त्याच घरचा. आणि जर्मन भाषेंतील ‘श्ट्यूर्त्सन’, म्हणजे धांवून जाणें किंवा कोसळणें, हा त्याचा चुलतभाऊ होय. ‘आरंभ करणें’ हा अर्थ या शब्दास फार पुढें चिकटला. इ. स. १६११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलाच्या पहिल्याच वाक्यांत आरंभाचा उल्लेख आहे, परंतु तेथें ‘बिगिनिंग’ हा शब्द आहे. तेथें ‘स्टार्ट’ घातला असता तर तो त्या काळच्या वाचकांच्या कानास खटकला असता.

यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘बिगिन’मध्यें शांतपणा आहे; ‘स्टार्ट’मध्यें हालचाल आहे. जें स्थिर होतें तें एकदम हललें, हा भाव ‘स्टार्ट’च्या प्रत्येक अर्थांत कोठें ना कोठें सांपडतो.

दुसरा अर्थ प्रवासास निघणें. ‘वुई स्टार्टेड फॉर सातारा’ म्हणजे आम्ही साताऱ्यास जावयास निघालों. जावयाचें ठिकाण सांगतांना ‘फॉर’ लावावा, आणि येथें ‘बिगिन’ कधींही घालूं नये. या अर्थाचें एक उत्तम उदाहरण, ज्यांच्या नांवानें कर्वेनगर ओळखलें जातें त्यांच्याच चरित्रांत आहे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत झाला. दापोली तालुक्यांतील मुरूड हें त्यांचें गांव. सरकारी नोकरीस लागणारी परीक्षा देण्यासाठीं ते व त्यांचे सोबती ऐन पावसाळ्यांत मुरूडहून साताऱ्यास निघाले. आगगाडी नाहीं, मोटार नाहीं. घाट चढून शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनीं पायीं तुडविली. साताऱ्यास पोंचल्यावर काय घडलें? परीक्षेस सतरा वर्षें पुरीं असावीं लागत. कर्वे दिसावयास लहान; यास सतरा वर्षें झालीं नसावींत असें ठरवून अधिकाऱ्यांनीं त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. आले त्या वाटेनें परत जावें लागलें.

निघाले, पोंचले, आणि हात हालवीत परतले! याहून चुकलेली ‘स्टार्ट’ ती कोणती? परंतु पुढें ते पुनः परीक्षेस बसले व उत्तीर्ण झाले. मग इंग्रजी शिक्षणासाठीं ते मुंबईस गेले, आणि रॉबर्ट मनी या मिशनच्या शाळेंतून १८८१ सालीं मॅट्रिक झाले. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस होतें. आमच्या शाळेंतील ज्या मुलास सोळाव्या वर्षीं नववींत बसण्याची लाज वाटते, त्यानें हा आंकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आतां थोडें व्याकरण, कारण परीक्षेंत गुण जातात ते येथेंच. आपण मराठींत म्हणतों, ‘शाळा पंधरा जूनपासून सुरू होते.’ त्या ‘पासून’मुळें आमचे विद्यार्थी इंग्रजींत ‘स्टार्ट्स फ्रॉम’ असें लिहितात. तारीख सांगतांना ‘ऑन’ घालावा: ‘स्कूल स्टार्ट्स ऑन द फिफ्टीन्थ ऑफ जून.’ जागा सांगतांना मात्र ‘फ्रॉम’ चालतो. शर्यत फाटकापासून सुरू होते असें सांगावयाचें असल्यास ‘स्टार्ट्स फ्रॉम द गेट’ हें बिनचूक आहे. दुसरें असें कीं, ‘इट स्टार्टेड रेनिंग’ आणि ‘इट स्टार्टेड टु रेन’ हीं दोन्ही रूपें शुद्ध आहेत. पण ‘इट इज स्टार्टिंग’ असें म्हटल्यावर पुढें ‘टु रेन’ म्हणावें, म्हणजे एकामागून एक दोन ‘इंग’ कानावर आदळत नाहींत. तिसरें, ‘स्टार्ट’चें भूतकाळाचें रूप सरळ ‘स्टार्टेड’ होतें, पण ‘बिगिन’चें ‘बिगॅन’ व ‘बिगन’ अशीं दोन रूपें होतात. त्यांची अदलाबदल करूं नये.

याच कुळांत ‘कमेन्स’ हा आणखी एक शब्द आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्द दरबारांत व न्यायालयांत शिरले, आणि अजूनही त्यांच्या अंगावर दरबारी पोषाख आहे. सभा ‘कमेन्स’ होते, कायदा ‘कमेन्स’ होतो. पण मित्रास ‘चल, खेळास कमेन्स करूं’ म्हटल्यास तो हसेल. मूळ लॅटिन धातु पाहिला तर ‘कमेन्स’ व आपल्या नांवाचीं आद्याक्षरें दाखविणारा ‘इनिशियल’ हे दोन्ही एकाच झऱ्याचें पाणी आहेत.

‘स्टार्ट’चा तिसरा अर्थ मैदानावरचा. शर्यतींत लहान मुलास दहा पावलें पुढें उभें करतात, त्या सवलतीस ‘स्टार्ट’ म्हणतात. ‘हेड स्टार्ट’ही म्हणतात. अमेरिकेंत गरीब घरच्या लहानग्यांस शाळेंत जाण्यापूर्वींच थोडें शिक्षण, पोषण व आरोग्याची मदत मिळावी म्हणून १९६५ सालीं सरकारनें एक योजना काढली, तिचें नांवच ‘हेड स्टार्ट’ ठेविलें. सर्व मुलें एकाच रेषेवरून धांवत नाहींत, हें त्या नांवांतच कबूल केलेलें आहे. कोणाच्या घरीं पुस्तकांचें कपाट असतें, कोणाच्या घरीं अभ्यासास दिवा मिळण्याची पंचाईत असते. शिक्षकानें हें विसरूं नये, आणि मागील रेषेवरून धांवणाऱ्या मुलानेंही विसरूं नये. कारण आपण मागें कां आहों हें ज्यास समजलें, तो स्वतःस मूर्ख समजत नाहीं.

शर्यतींतच ‘फॉल्स स्टार्ट’ होते. बंदुकीचा बार होण्यापूर्वीं जो धांवूं लागतो त्याची सुरुवात खोटी. पूर्वीं एक चूक माफ असे. २०१० पासून धांवण्याच्या शर्यतींत पहिल्याच चुकीस स्पर्धक बाद होतो. २०११ सालीं दक्षिण कोरियांतील देगू येथें जागतिक स्पर्धा झाल्या. शंभर मीटरांच्या अंतिम शर्यतींत जगांतील सर्वांत वेगवान धावपटु यूसेन बोल्ट अशाच खोट्या सुरुवातीनें बाद झाला. सारें जग पाहत होतें. त्याच स्पर्धांत कांहीं दिवसांनीं दोनशें मीटरांची शर्यत त्यानें जिंकली; आणि पुढील वर्षीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरांचें सुवर्णपदकही मिळविलें. नियमानें त्यास एका शर्यतींतून बाद केलें होतें, धांवण्यांतून नव्हे.

चौथा अर्थ एखादी संस्था, दुकान किंवा वर्तमानपत्र काढणें. हल्लीं ‘स्टार्ट-अप’ हा शब्द फार ऐकूं येतो. नव्या उद्योगांस उत्तेजन देणारी ‘स्टार्टअप इंडिया’ ही सरकारी योजना १६ जानेवारी २०१६ रोजीं सुरू झाली. पण हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीं कर्वेनगरच्या भूमीवर एक ‘स्टार्ट’ झाली आहे. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या कर्व्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकत होत्या. या विवाहामुळें मुरूडच्या लोकांनीं त्यांस वाळींत टाकलें. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. शहरांत प्लेगचा उपद्रव होता. तेव्हां १९०० सालीं आश्रम हिंगणें बुद्रुक येथील माळावर नेण्यांत आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं जमीन दिली होती. तीवर एक झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजांत शिकवावें आणि नंतर चिखल तुडवीत हिंगण्याची वाट धरावी, असा कर्व्यांचा क्रम असे. ती झोपडी अद्याप जपून ठेविलेली आहे. मुलांनो, एकदां जाऊन ती पाहा. आम्हीं एका वर्गास तेथें नेलें असतां एक मुलगी हळूच म्हणाली, “एवढीशीच?” होय, एवढीशीच. आणि त्याच परिसरांत १९९१ सालीं मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें.

त्या आश्रमांतील एका बाईंची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या भगिनी. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें, पदरीं मूल, आणि अक्षरओळख त्यानंतरची! पुढें त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, गांवोगांव फिरून त्यांनीं आश्रमासाठीं वर्गणी जमविली. इंग्रजी येत नाहीं ही खंत त्यांच्या मनांत होती. म्हणून १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या इंग्रजी शिकण्यासाठीं व आश्रमास मदत मिळविण्यासाठीं थेट अमेरिकेस गेल्या. तेथें पोट भरण्यासाठीं परक्यांच्या घरीं घरकाम केलें. शर्यतीच्या भाषेंत बोलावयाचें तर या बाईंस ‘हेड स्टार्ट’ तर सोडाच, इतरांच्या रेषेपर्यंत पोंचावयासच अर्धें आयुष्य लागलें. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें ‘माझी कहाणी’ हें आत्मचरित्र विद्यार्थिनींनीं अवश्य मिळवून वाचावें.

पांचवा प्रयोग म्हणजे ‘बाय फिट्स ॲण्ड स्टार्ट्स’. मध्येंच झटका आल्यासारखें काम करावयाचें, मध्येंच सोडावयाचें, असा याचा अर्थ. येथें आपल्या मराठींतील एक मार्मिक शब्द आठवतो: आरंभशूर. जून महिन्यांत वह्यांस कोरें वेष्टन घालणारे, वेळापत्रक रंगवून भिंतीस चिकटविणारे आणि श्रावणांत तें फाडून टाकणारे आरंभशूर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. मराठींत आरंभास शब्दांचा तुटवडा नाहीं. पाटीवर पहिलीं अक्षरें काढीत त्यावरून ‘श्रीगणेशा’ आला. ‘ओं नमः सिद्धम्’ वरून ‘ओनामा’ आला. लग्नमंडपाच्या पहिल्या खांबावरून ‘मुहूर्तमेढ रोवणें’ आलें. दुकानदाराची दिवसाची पहिली विक्री ती ‘भवानी’. आणि ‘सुरुवात’ तर अरबी-फारसीच्या वाटेनें आपल्या घरीं आली. पण ‘आरंभ’ हा शब्द सर्वांत विचार करण्याजोगा आहे. त्यांतील संस्कृत धातूचा अर्थ हातीं धरणें असा आहे. इंग्रजी शब्द उडी घेतो, आपला शब्द धरून ठेवतो. उडीवांचून काम सुटत नाहीं, हें खरें; परंतु जें धरलें नाहीं तें तडीसही जात नाहीं. कर्व्यांनीं १९१६ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, महिला विद्यापीठ काढलें तेव्हां कॉलेजांत पांच विद्यार्थिनी होत्या. चार वर्षांनंतर, १९२० सालीं, ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी मिळाली. मधलीं चार वर्षें त्यांनीं काय केलें? धरून ठेविलें.

शेवटीं तो अर्थ घेतों, ज्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों. यंत्र चालू करणें यासही ‘स्टार्ट’ म्हणतात. येथें ‘बिगिन’ मुळींच चालत नाहीं. ‘आय बिगॅन द एंजिन’ असें कोणी म्हणत नाहीं. हा अर्थ कोशांत वाचला आणि आम्हांस त्या गृहस्थांची आठवण झाली. दुसऱ्याच दिवशीं आम्ही त्यांच्या गॅरेजांत गेलों. ते एका जुन्या स्कूटरीस किक मारीत होते. स्कूटर दाद देत नव्हती. आम्हीं विचारलें, “ही भंगारांत घालणार काय?”

ते हसले. “नाहीं हो सर. स्टार्टिंग ट्रबल आहे नुसती. आधीं पेट्रोल येतें कीं नाहीं बघायचें, मग प्लग काढून बघायचा. कार्बन धरला असला तर साफ करायचा. एंजिन चांगलें आहे.”

“आणि मुलाचा प्लग कोणी काढून पाहिला?” आम्हीं विचारलें.

ते कांहीं बोलले नाहींत. हातांतील पाना खालीं ठेवून त्यांनीं आंतून दोन स्टुलें आणलीं. मुलास बोलाविलें. नववीचें इंग्रजी पुस्तक पुढें ठेवून आम्हीं त्यास एक परिच्छेद वाचावयास सांगितला. त्यास तो वाचतां येईना. मग सातवीचें, मग पांचवीचें पुस्तक दिलें. पांचवीच्या पुस्तकावर तो अडखळत कां होईना, पण वाचूं लागला. दोष तेथें होता. चार वर्षें तो आमच्या वर्गांत बसला, आणि त्यास वाचतां येत नाहीं हें आम्हांस कळलें नाहीं. वडिलांनीं स्वतःस दोष दिला होता. त्यांतील मोठा वांटा आमचा होता, आणि तो आम्हीं त्यांच्यापुढें तेथेंच कबूल केला.

जूनमध्यें तो पुनः नववींत बसला. शाळा सुटल्यावर तो व आणखी सहा मुलें आमच्याकडे पांचवीच्या पुस्तकापासून वाचन करतात. प्रथम लाज वाटे. आतां तीं पुस्तकें उघडींच घेऊन येतात. गेल्या महिन्यांत त्यानें सातवीचें पुस्तक हातीं घेतलें. हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां त्याची परीक्षा झालेली नसेल. निकाल काय लागेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. त्याचे वडील मात्र दर शनिवारीं सायंकाळीं फाटकापाशीं येऊन उभे राहतात व विचारतात, “सर, प्लग कसा आहे?”

पालकहो, एक विनंति. मूल मागें पडलें म्हणजे ‘स्टार्ट चुकली’ असें त्याच्यासमोर म्हणूं नका. तें वाक्य मुलाच्या मनांत वर्षानुवर्षें राहतें. मूल कोठें अडलें आहे तें शोधा, आणि शोधतां न आल्यास निःसंकोच शाळेंत या. आम्हांस तें आधीं दिसलें नसेल, तर तुमच्या येण्यानें दिसेल.

आणि यंदा शाळा सोडून जाणाऱ्या दहावीच्या मुलामुलींनो, तुमच्यासाठीं कोशांतील एक शेवटची गंमत. अमेरिकेंतील विद्यापीठांत शिक्षण पुरें झाल्यावर पदवीदानाचा जो समारंभ होतो, त्यास ‘कमेन्समेंट’ म्हणतात, म्हणजे आरंभ! मुलें पहिल्यांदां हें ऐकतात तेव्हां त्यांस ती चूक वाटते. तुमचा निरोपसमारंभ होईल त्या दिवशीं या शब्दाचा विचार करा. महर्षि कर्वे यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें तें १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. समता संघ काढला तो १९४४ सालीं, शहाऐंशीव्या वर्षीं. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, एकशें चार वर्षांचें आयुष्य पुरें करून, ते निवर्तले. साताऱ्याहून भर पावसांत परत फिरलेल्या त्या मुलाच्या आयुष्यांतील खरी ‘स्टार्ट’ कोणती म्हणावयाची, हा प्रश्न आम्ही तुमच्यावरच सोंपवितों. उत्तर शुद्ध मराठींत अथवा शुद्ध इंग्रजींत लिहून आणावें. आम्ही तें आनंदानें तपासूं.